मडगार्डवरची लाल काच

घरात जुनी काळी सायकल असेल तर तिच्या मागच्या मडगार्डकडे एकदा नीट बघा. खालच्या टोकाला वीतभर पांढरा रंग दिलेला असतो आणि त्याच्याजवळच स्क्रूने आवळलेली गोल लाल काच असते. आमच्या घरी अशी सायकल बाबांची होती. जिनिंगमधली रातपाळी संपवून ते पहाटे गावी यायचे. दिवाळीच्या आधी सायकल धुवायचं काम माझ्याकडे असायचं आणि तो पांढरा पट्टा मी चिंचेने घासून काढायचो. तो शोभेसाठी दिलेला आहे, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. पण त्या पट्ट्यामागे इंग्लंडातला एक जुना वाद आहे, एक महायुद्ध आहे आणि माणसं गाडीखाली येत होती ही साधी गोष्ट आहे.

आधी दिवा आला. उंच पुढच्या चाकाच्या सायकली होत्या तेव्हा बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांनी ‘किंग ऑफ द रोड’ नावाचा तेलाचा दिवा काढला. तो चाकाच्या आऱ्यांमध्ये, आसाला टांगलेला असायचा. 1892 मध्ये कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत सापडली आणि काही वर्षांतच कार्बाइडचे दिवे निघाले. वरच्या डबीतलं पाणी थेंब थेंब खाली पडायचं, कार्बाइडला लागून अॅसिटिलीन वायू सुटायचा आणि त्याची झळझळीत पांढरी ज्योत पेटायची. कच्चे आंबे पिकवायला ज्याचा चोरून वापर होतो आणि ज्यावर बंदी आहे, तेच हे कार्बाइड. वास तोच, लसणासारखा.

आपल्याकडच्या खेड्यांत एवढा थाट नव्हता. हँडलला रॉकेलचा कंदील अडकवायचा आणि निघायचं. पांदणीच्या पहिल्याच खड्ड्यात तो विझायचा.

स्वातंत्र्यानंतर देशातच सायकली मुबलक तयार होऊ लागल्या. 1951 मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस, 1952 मध्ये आसनसोलजवळ सेन-रॅले, 1956 मध्ये लुधियान्याला हीरो. याच काळात डायनॅमो गावोगाव पोचला. मागच्या किंवा पुढच्या टायरला टेकवायची ती बाटलीसारखी वस्तू माझ्या पिढीला आठवत असेल. खटका दाबला की तिचं दातेरी टोक टायरच्या कडेला घासायचं, घुर्र आवाज सुरू व्हायचा आणि सायकल एकदम जड व्हायची. वीज सहा व्होल्टची, ताकद साधारण तीन वॅटची. चढावर सायकल हळू झाली की दिवा मिणमिणायचा, उतारावर लखलखायचा. थांबलं की अंधार. समोरून ट्रक आला म्हणून बाबा रस्त्याच्या कडेला उतरून उभे राहायचे, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्याकडे उजेड नसायचा. डायनॅमोतला हा दोष पुढे परदेशात दिव्यात थोडी वीज साठवून दूर केला गेला. आपल्या गावात तो सुधारलेला डायनॅमो कधी आलाच नाही.

तालुक्याच्या गावी दिव्याशिवाय सायकल चालवली तर पोलीस अडवायचे, हवा सोडायचे. त्यामुळे दिवा म्हणजे पोलिसासाठी लावायची वस्तू, अशी समजूत घट्ट झाली. वेशीबाहेर पोलीस नाही, म्हणजे दिवाही नाही. खरी गरज मात्र वेशीबाहेरच होती.

आता मागच्या दिव्याचा वाद. 1920 आणि 30 च्या दशकांत इंग्लंडात मोटारी वाढल्या आणि सायकलला मागे लाल दिवा सक्तीचा करा, अशी मागणी जोर धरू लागली. तिथल्या सायकलस्वारांच्या जुन्या संघटनेने, सायकलिस्ट्स टूरिंग क्लबने, तिला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की मोटारवाल्याने आपल्या दिव्यात जेवढं दिसतं तेवढ्याच अंतरात गाडी थांबवता येईल अशा वेगाने चालवावं. मागून येणाऱ्याला दिसायची जबाबदारी पुढे चालणाऱ्यावर का? हा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. पांदणीतून पायी निघालेल्या म्हातारीला कोण दिवा लावणार? बंडीच्या बैलाला कोण लावणार?

तडजोड म्हणून दिव्याऐवजी, मागच्या गाडीच्या उजेडात चमकणारी लाल काच आणि मडगार्डवर पांढरा रंग आला. मग 1939 च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झालं. बॉम्बफेकी विमानांना गावं दिसू नयेत म्हणून सगळीकडे काळोख केला गेला, मोटारींच्या दिव्यांवर झाकणं बसली, फूटपाथच्या कडा आणि झाडांचे बुंधे पांढरे रंगवले गेले. त्या काळोखात सायकलला मागचा दिवा सक्तीचा झाला, आणि 1945 च्या कायद्याने ती सक्ती कायम झाली. आपल्याकडच्या काळ्या सायकलीचा साचा इंग्लंडचाच. त्यामुळे पांढरा पट्टा आणि लाल काच साच्याबरोबर आले. मागचा दिवा मात्र आला नाही.

ती लाल काच खिळ्याने उचकटून उलट बाजूने पाहिली तर आत बारीक बारीक कोपरे दिसतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात ना, अगदी तसे. प्रत्येक कोपरा म्हणजे एकमेकांना काटकोनात लावलेले तीन चिमुकले आरसे. साधा आरसा तिरका धरला की उजेड भलतीकडे फेकतो. हा कोपरा उजेड कुठूनही आला तरी जिथून आला तिथेच परत पाठवतो. 1969 मध्ये अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेलं उपकरण याच रीतीचं, काचेच्या शंभर कोपऱ्यांचं होतं. पृथ्वीवरून त्याच्यावर लेझर सोडून चंद्राचं अंतर मोजतात.

रात्री ओलिताला जाणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की बॅटरी घेऊन वावरात जावं लागतं, आणि बॅटरी फिरवली की तुरीच्या ओळीत दोन हिरवे ठिपके चमकतात. रानमांजर असतं, कधी कोल्हा. त्याच्या डोळ्यामागचा पडदा उजेड परत पाठवतो. इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी 1934 मध्ये रस्त्यात बसवायच्या चमकत्या काचांचं पेटंट घेतलं, त्यांना नावच ‘कॅट्स आय’ पडलं. महामार्गावर पट्ट्यांच्या मध्ये चमकतात ते त्यांचेच वारस. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते ठिपके दिसत नाहीत. ज्याच्या हातात बॅटरी, त्यालाच दिसतात. सायकलच्या काचेचं, म्हणजे रिफ्लेक्टरचंही तसंच. ज्या गाडीचा दिवा लागलेला आहे तिच्या ड्रायव्हरला तो दिसतो. बिनदिव्याच्या ट्रॅक्टरला किंवा समोरून येणाऱ्या दुसऱ्या सायकलवाल्याला तो काळाच.

चमकत्या पट्टीची गोष्ट वेगळी. तिच्यात काचेचे अतिशय बारीक मणी असतात आणि तेही उजेड आल्या वाटेने परत पाठवतात. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने 1930 च्या दशकाच्या अखेरीस अशी पट्टी रस्त्यावरच्या पाट्यांसाठी काढली. आपण तिला सरसकट ‘रेडियम’ म्हणतो. हे नाव जुन्या घड्याळांवरून आलं असावं. क्यूरी दांपत्याने 1898 मध्ये शोधलेलं रेडियम रंगात मिसळून घड्याळाच्या काट्यांना लावत, आणि ते अंधारात आपलं आपण उजळत. बाजारातल्या रेडियमच्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो आणि ती स्वतःहून उजळतही नाही. नावामुळे मात्र घोटाळा होतो. पट्टी लावली म्हणजे आपण अंधारात चमकतो, असं वाटून पोरं दिव्याशिवाय निघतात. समृद्धी महामार्गाखालच्या बोगद्यातून किंवा पांदणीतून जाताना मागे गाडीच नसेल तर पट्टीचा काही उपयोग नाही. तिथे समोरचा खड्डा दाखवायला आपलाच दिवा लागतो.

फ्लोरोसंट जाकिटाबद्दलही अशीच गफलत आहे. तो झगझगीत पोपटी-पिवळा रंग उन्हातले न दिसणारे अतिनील किरण घेऊन दिसणारा उजेड बाहेर टाकतो, म्हणून ढगाळ दिवशी किंवा कातरवेळी तो लांबून डोळ्यांत भरतो. अमेरिकेतल्या स्विट्झर भावांनी 1930 च्या दशकात असे रंग तयार केले आणि युद्धात सैन्याने ते खुणेसाठी वापरले. पण रात्री ऊन नसतं, आणि गाडीच्या दिव्यात अतिनील किरण नगण्य असतात. म्हणून रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांच्या जाकिटावर पोपटी कापडाबरोबर उजेड परत पाठवणाऱ्या चंदेरी पट्ट्याही शिवलेल्या असतात. दिवसाचं काम कापडाचं, रात्रीचं पट्ट्यांचं.

रंगीत दिवे स्वस्त झाले ते एलईडीमुळे. लाल एलईडी 1962 मध्ये निक होलोन्याक यांनी दाखवला. निळा यायला पुढची तीस वर्षं लागली, आणि निळ्यामुळेच पांढरा शक्य झाला. 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याच निळ्यासाठी होतं. आज आठवडी बाजारात बटण सेलवर चालणारे लुकलुकणारे दिवे मिळतात, आऱ्यांत बसवायचे रंगीबेरंगीही. मुलं ते हौसेने लावतात आणि मला ते पाहून बरं वाटतं. पण लाल दिवा पुढे लावू नका. पुढे पांढरा, मागे लाल ही खूण रेल्वेच्या शेवटच्या डब्यापासून सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेली आहे. समोर लाल दिसला की ड्रायव्हर समजतो सायकल पुढे चालली आहे, आणि ती तर अंगावर येत असते.

इथे आपल्या रस्त्यांची एक खास अडचण आहे, जी इंग्लंडातल्या नियमात नव्हती. महामार्ग चौपदरी झाले, मधला दुभाजक तोडायची जागा गावापासून लांब गेली. मग वावरातून गावाकडे येणारा माणूस लांबचा फेरा टाळून कडेने उलट्या दिशेने येतो. मागची लाल काच अशा वेळी कोणालाच दिसत नाही. पुढे पांढरी काच असते, पण तिच्यावर डब्याची पिशवी लटकलेली असते. सरळ दिशेने जाणाऱ्याच्या कॅरिअरवर गवताचा भारा किंवा वेचलेल्या कापसाचं बोचकं असतं, ते मागची काच झाकतं. उरलीसुरली काळ्या मातीच्या चिखलाने भरते. केंद्र सरकारने 2020 मध्ये सायकलच्या रिफ्लेक्टरांसाठी गुणवत्तेचा आदेश काढला, म्हणजे नवीन सायकलला चांगल्या काचा लागतील. त्या झाकू नयेत असा आदेश कोण काढणार?

झाकलं जात नाही ते एकच, पायडल. पायडलच्या पिवळ्या काचा खालीवर फिरतात, आणि त्या हालचालीत मोठी गोष्ट आहे. 1973 मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहानसन यांनी दाखवलं, की अंधारात माणसाच्या सांध्यांवर नुसते काही उजेडाचे ठिपके असले आणि तो चालू लागला, तर पाहणाऱ्याला क्षणात कळतं की हा माणूस आहे. स्थिर ठिपका मैलाचा दगड असू शकतो, खालीवर होणारे दोन ठिपके म्हणजे पाय. साठच्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे सरकते. तो एक सेकंद ड्रायव्हरला आधी मिळणं फार महत्त्वाचं आहे.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आमच्या भागातल्या आठवी ते बारावीच्या मुली शाळेला येतात. डिसेंबरच्या धुक्यात सकाळची शाळा असते. गावातल्या पंक्चरवाल्या भाऊंना मी एकदा पायडलच्या काचांबद्दल सांगितलं होतं. तेव्हापासून कोणाचीही सायकल पंक्चरला आली की ते पायडलच्या काचा चिंधीने पुसतात, तुटलेल्या असतील तर पायडलच्या कडेला पट्टीचा तुकडा चिकटवतात, पुढच्या चिमट्याच्या दोन्ही पायांना पांढरी पट्टी आणि मागे चेनस्टेला, म्हणजे पायडलपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणाऱ्या दांडीला, लाल. पैसे पंक्चरचेच घेतात. परवा सोयाबीनच्या पैशांतून घेतलेली एक नवी सायकल त्यांच्याकडे आली, तिच्या पायडलांना काचाच नव्हत्या. दुकानातून मागवू म्हणाले, आणि तोवर पट्टी लावून दिली.