पृथ्वीचे दूर अंतराळातून छायाचित्रण

चंद्राच्या वाटेवरून, चंद्राजवळून किंवा त्याहूनही पलीकडून पृथ्वीची टिपलेली छायाचित्रे या प्रकारात मोडतात. पृथ्वीलगतच्या कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहांची चित्रे नकाशे, हवामान, पीकपाहणी अशा कामांना लागतात. दूरच्या चित्रांचा असा रोजचा उपयोग क्वचितच असतो. त्यामुळे यांतली सर्वांत मोलाची काही चित्रे मोहिमेच्या मूळ आराखड्यात नव्हतीच. कोणीतरी आग्रह धरला, किंवा ऐन वेळी कॅमेरा उचलला, म्हणून ती आज आपल्याकडे आहेत.

२३ ऑगस्ट १९६६ रोजी लूनर ऑर्बिटर-१ या यानाने चंद्राच्या परिसरातून पृथ्वीचे पहिले छायाचित्र घेतले. यानाचे काम चंद्रावर उतरण्याजोग्या जागा शोधण्याचे होते. कॅमेरा पृथ्वीकडे रोखण्यासाठी अख्खे यान वळवावे लागणार होते आणि तो धोका पत्करायला यान बनवणारी कंपनी सहजासहजी तयार नव्हती.

दोन वर्षांनी, २४ डिसेंबर १९६८ रोजी, अपोलो-८ चंद्राभोवती चौथी फेरी मारत होते. यान स्वतःभोवती वळत असताना अंतराळवीर विल्यम अँडर्स यांना खिडकीतून चंद्राच्या कडेवर पृथ्वी वर येताना दिसली. त्यांच्या कॅमेऱ्यात कृष्णधवल फिल्म होती. एक चित्र त्यावर घेऊन त्यांनी सहकारी जिम लव्हेल यांच्याकडे घाईघाईने रंगीत फिल्म मागितली आणि २५० मिमी भिंगातून ‘पृथ्वीचा उदय’ टिपला. करड्या, निर्जीव जमिनीमागे निळी-पांढरी अर्धवट पृथ्वी. चंद्रावर एका जागी उभे राहणाऱ्याला मात्र पृथ्वी अशी उगवताना दिसणार नाही. तिथून ती आकाशात जवळपास एकाच ठिकाणी असते. हा उदय यानाच्या गतीमुळे घडला.

अपोलो-१७ च्या चमूने ७ डिसेंबर १९७२ रोजी सुमारे २९,००० किमी अंतरावरून घेतलेल्या चित्रात सूर्य यानाच्या मागच्या बाजूला असल्याने पूर्ण उजळलेली पृथ्वी आली. मूळ चित्रात दक्षिण ध्रुव वर आहे. छापताना ते उलटे केले गेले, कारण आपल्या नकाशांत उत्तर वर असते. अवकाशात वर-खाली काही नसते, हे खरे तर या चित्राने फुकटात शिकवले असते.

या सगळ्यांपेक्षा वेगळे चित्र गुरू-शनीजवळून पुढे गेलेल्या व्हॉयेजर-१ यानाने १४ फेब्रुवारी १९९० रोजी सुमारे ६ अब्ज किमी अंतरावरून घेतले. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन त्यासाठी बरीच वर्षे पाठपुरावा करत होते. अडचण भूमितीची होती. इतक्या लांबून पाहिल्यास पृथ्वी सूर्यापासून जेमतेम दीड अंशाच्या आत दिसते आणि सूर्याकडे रोखलेला कॅमेरा निकामी होण्याची भीती असते. ग्रहभेटी संपल्यावरच हा धोका परवडणारा होता. यानाने एकूण ६० चित्रे घेतली. त्यांत सहा ग्रह आले, बुध आणि मंगळ आले नाहीत. पृथ्वीने एका पिक्सेलचा जेमतेम ०.१२ भाग व्यापला. तिच्यावरून जाणारा तेजाचा पट्टा म्हणजे कॅमेऱ्यातच विखुरलेला सूर्यप्रकाश. पृथ्वी नेमकी त्यात सापडली हा योगायोग. यानंतर वीज वाचवण्यासाठी यानाचे कॅमेरे कायमचे बंद केले गेले.

‘फिकट निळा ठिपका’ म्हणून ओळखले जाणारे हे चित्र नुसते पाहिले तर त्यात काहीच नाही. खंड नाहीत, ढग नाहीत. तो ठिपका कोणता आणि किती लांबून टिपला, हे कळल्यावरच ते अंगावर येते: आजवरची प्रत्येक भाषा, प्रत्येक लढाई, प्रत्येक घर त्या अपुऱ्या पिक्सेलमध्ये आहे. सेगन यांनी त्यातून नम्रतेचा आणि या ग्रहाला जपण्याचा अर्थ काढला. तो पटण्यासारखा आहे, पण चित्र तो स्वतःहून सांगत नाही. पाहणाऱ्याने तो तिथे आणायचा असतो. पृथ्वीच्या नाजूकपणाची जाणीव पर्यावरण चळवळीत रुजायला अपोलोच्या चित्रांची मोठी मदत झाली, हे मात्र निर्विवाद.

पुढे अशी चित्रे ठरवून घेतली जाऊ लागली. शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाने १९ जुलै २०१३ रोजी शनीच्या कड्यांखालून सुमारे १.४४ अब्ज किमीवरची पृथ्वी टिपली, तेव्हा लोकांना आधीच सांगून आकाशाकडे पाहायला बोलावले होते. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किमीवरचे डिस्कव्हर यान २०१५ पासून तिची सूर्याकडची उजळलेली बाजू टिपू लागले.

दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा अभ्यास हा आता या चित्रांचा शास्त्रीय उपयोग ठरला आहे. असे ग्रह दुर्बिणीत फार तर एक बिंदू म्हणून दिसतील. म्हणून संशोधक डिस्कव्हरची पृथ्वी मुद्दाम एका बिंदूत मिसळतात आणि त्याच्या उजळण्या-मंदावण्यावरून ग्रहाचे स्वतःभोवती फिरणे, ढग आणि जमीन-समुद्राचे वाटप कितपत ओळखता येते ते तपासतात. ज्याच्या जमीन-समुद्राचे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, असा दुसरा ग्रह पडताळणीला उपलब्ध नाही.