काळी कोण, गोरी कोण? टोनी मॉरिसन यांच्या एका कथेची पार्श्वभूमी

१९८३ साली अमिरी आणि अमिना बराका या लेखक दांपत्याने आफ्रिकन अमेरिकन लेखिकांच्या साहित्याचं एक संकलन काढलं. त्यात अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांची ‘रेसिटॅटिफ’ ही कथा होती. तोवर त्यांच्या चार कादंबऱ्या आल्या होत्या. स्वतंत्र लघुकथा म्हणून मात्र ही एकच.

ट्वायला आणि रॉबर्टा या आठ वर्षांच्या मुली अनाथाश्रमात चार महिने एका खोलीत राहतात. खरं तर दोघींच्याही आया हयात आहेत: एक रात्रभर नाचते, दुसरी आजारी असते. मुलींपैकी एक काळी, एक गोरी. बाकीची मुलं त्यांना ‘मीठ-मिरी’ म्हणतात. यातली मीठ कोण, हे कथा सांगत नाही.

मुलींना भेटायला आया येतात तो प्रसंग पाहा. ट्वायलाच्या आईने घट्ट हिरवी पँट घातली आहे. रॉबर्टाच्या आईच्या छातीवर भलामोठा क्रॉस, हातात बायबल. पहिली हात पुढे करू पाहते. दुसरी तिला आपादमस्तक न्याहाळते आणि हात न मिळवताच मुलीला घेऊन निघून जाते. गोऱ्या बाईने काळ्या बाईचा हात नाकारला म्हणावं, तर १९५०च्या दशकातल्या अमेरिकेत ते सर्रास घडत होतं. पण देवभीरू काळ्या बाईला एका गोऱ्या बाईची चालचलणूक खटकली असेल, तरी प्रसंग तितकाच चपखल बसतो.

पुढे दोघी मोठ्या होतात आणि न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्ग शहरात शाळांवरून एकमेकींसमोर फलक घेऊन उभ्या राहतात. त्यामागे खरा इतिहास आहे. वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणं १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं, १९७१ मध्ये काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसने दूरच्या शाळांत पाठवण्याचा उपाय मान्य केला, आणि १९७४ मध्ये बॉस्टनमध्ये त्यावरून हिंसाचार उसळला. रॉबर्टा या बसच्या विरोधात आहे, म्हणून ती गोरी, असं चटकन वाटतं. पण आपली लेकरं लांबच्या शाळेत पाठवायला काही काळे पालकही राजी नव्हते.

मॉरिसन यांनी १९९२ मध्ये स्पष्ट लिहिलं, की वर्ण ज्यांच्यासाठी कळीचा आहे अशा दोन पात्रांच्या कथेतून वर्णाच्या सगळ्या खुणा काढून टाकण्याचा हा प्रयोग होता. पुढच्याच वर्षी गोऱ्या समीक्षक एलिझाबेथ एबल यांनी नोंदवलं, की त्यांना ट्वायला गोरी वाटली होती, तर एका काळ्या वाचक मैत्रिणीला ती काळीच असल्याची खात्री होती. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो. जाणकार वाचकही मोकळी जागा दिसली की तिथे स्वतःला बसवतो.

मात्र या कोड्यात अडकलो तर मॅगी निसटते. आश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करणारी, फेंगड्या पायांची, न बोलणारी मॅगी. मोठ्या मुलींनी तिला बागेत लाथा मारल्या होत्या. ट्वायलानेही मारल्या, आणि मॅगी काळी होती, असा आरोप रॉबर्टा अनेक वर्षांनी करते. ट्वायलाला मॅगी काळी असल्याचंच आठवत नाही. शेवटी रॉबर्टा कबूल करते, की आपण दोघींनी मारलं नव्हतं, पण मारावंसं वाटलं होतं. मॅगीच्या वर्णाबद्दल तर तिचीही आता खात्री नाही. २०२२ मध्ये कथा स्वतंत्र पुस्तकरूपाने आली, तेव्हा ब्रिटिश कादंबरीकार झेडी स्मिथ यांनी प्रस्तावनेत मॅगीकडे मुद्दाम लक्ष वेधलं, आणि ते अगदी योग्य होतं.