सायलरची 'भूक' नेमकी आली कुठून: थोडी पार्श्वभूमी

सायलर म्हणजे 'हीरोज' या अमेरिकन टीव्ही मालिकेतला खलनायक, अलौकिक शक्ती असलेल्या माणसांना मारून त्यांच्या शक्ती घेणारा. त्याच्यावर वाद सुरू झाला की गाडी शेवटी एकाच शब्दावर येऊन अडते, तो म्हणजे 'भूक'. तो खून करायचा कारण त्याला करायचे होते, की त्याची शक्तीच त्याला करायला लावत होती? हीरोज संपून इतकी वर्षं झाली तरी हे मिटलेलं नाही, कारण मालिकेनेच दोन वेगवेगळी उत्तरं दिलीत आणि ती एकमेकांत बसत नाहीत. म्हणून जरा मागून सांगतो.

टीव्हीवरच्या सायन्स फिक्शनमध्ये सिरीयल किलर काही २००६ ला पहिल्यांदा आला नाही. १९६७ लाच स्टार ट्रेकच्या एका एपिसोडमध्ये लंडनचा जॅक द रिपर हा मुळात माणूसच नव्हता, अंगं बदलत फिरणारी आणि लोकांच्या भीतीवर पोसलेली एक शक्ती होती, असं दाखवलं. १९९३ ला एक्स-फाइल्समध्ये टूम्स आला, दर तीस वर्षांनी जागा होऊन माणसांची लिव्हर खाणारा. दोन्हीकडे खाणं आहे बघा. म्हणजे खुनाला शरीराचं कारण आहे, न मारलं तर तो जगणारच नाही. सायलर पहिल्या सीझनमध्ये असा अजिबात नव्हता आणि माझ्या मते तो अंगावर आला तो याच एका गोष्टीमुळे.

पहिले बरेच एपिसोड तो नुसती सावली होता. टोपी, पाठमोरी आकृती, मागे सापडणारी प्रेतं, मॉली नावाच्या लहान मुलीच्या घरात गोठून गेलेला तिचा बाप, कवटीचा वरचा भाग कापून मेंदू गायब. चेहरा नीट दिसला तो दहाव्या भागात, कथा सहा महिने मागे जाते तेव्हा, आणि दिसतो कोण तर न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला गेब्रियल ग्रे, चष्मा लावून बाकावर वाकून बसलेला साधा घड्याळजी, बापाचं दुकान चालवणारा. मद्रासहून आलेले प्रोफेसर चंद्रा सुरेश त्याला शोधत येतात (गावाचं नाव चेन्नई होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती तरी स्क्रीनवर मद्रासच, हे मला तेव्हाही खटकलं होतं). काही माणसांत अशा शक्ती असतात या त्यांच्या थिअरीचा पहिला पुरावा, 'पेशंट झिरो', तो हाच. पण टेस्टमध्ये काही सापडत नाही, प्रोफेसरांचा इंटरेस्ट संपत जातो, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'तू खास आहेस' म्हणालेला हा माणूस परत शून्यावर येतो. मग तो प्रोफेसरांच्या शक्ती असलेल्या माणसांच्या यादीतला एक नंबर फिरवतो. ब्रायन डेव्हिस दुकानात येतो, वस्तूंना हात न लावता हलवून दाखवतो आणि म्हणतो मला हे नकोय, काढून टाका. गेब्रियल समोरच्या घड्याळावरचं नाव वाचून स्वतःचं नाव सायलर सांगतो, ब्रायनकडे बिघडलेल्या घड्याळाकडे बघावं तसा बघतो आणि हाताशी असलेला स्फटिकाचा मोठा खडा उचलून त्याच्या डोक्यात घालतो.

या सगळ्यात भूक कुठेही नाही. हेवा आहे, अपमान आहे, आईने लहानपणापासून मानेवर ठेवलेलं ओझं आहे. ती आईसुद्धा पुढे दिसते, शोकेसभर स्नो ग्लोब जमवलेली, मुलगा प्रेसिडेंट होईल म्हणणारी. तो तिच्यासाठी घरातल्या घरात बर्फ पाडून दाखवतो, ती घाबरते, झटापटीत कात्री तिच्याच छातीत जाते. त्याची खरी शक्ती कुठली तर कुठलीही गोष्ट कशी चालते ते बघून कळणं. मारायची गरज त्या शक्तीत नाही. मारायचं त्याने ठरवलं.

'मेंदू खातो' ही समजूत मात्र पहिल्याच सीझनपासून पसरली होती, कारण मेंदू गायब व्हायचे आणि त्यांचं तो करतो काय हे कुणी सांगतच नव्हतं. उत्तर मिळालं ते सप्टेंबर २००८ मध्ये, तिसऱ्या सीझनच्या पहिल्या एपिसोडला. क्लेअर नावाच्या मुलीला टेबलावर झोपवून तो तिची कवटी उघडतो, ती शुद्धीत असते आणि तीच विचारते की आता हा खाणार का, तर त्यालाच ते किळसवाणं वाटतं. तो फक्त बोट घालून बघतो, यंत्र उघडून आतली चाकं बघावीत तसं, हवं ते समजलं की कवटी परत जागेवर बसवतो. तिच्या जखमा आपोआप भरतात म्हणून ती वाचते. माझ्यासाठी अख्ख्या मालिकेतला हा सगळ्यात नेमका सीन आहे, एका मिनिटात खाण्याचा विषय संपवून घड्याळजी परत आणला.

आणि त्याच सीझनमध्ये, दोन-तीन आठवड्यांत, भूक आली. नेथन आणि पीटर या दोन हीरोंची आई अँजेला पेट्रेली त्याला सांगते की मी तुझी खरी आई (हे खोटं होतं, नंतर कळतं), तुझी भूक मला समजते, आणि कोठडीत त्याच्यासमोर मारायला एक बाई आणून ठेवते. मग भविष्यातला एपिसोड येतो, त्यात सायलर परत गेब्रियल झालाय, त्याला छोटा मुलगा आहे, आणि पीटर त्याची शक्ती घेतो तर पीटरलाही मारावंसं वाटायला लागतं. म्हणजे भूक माणसात नाही, शक्तीतच आहे, ज्याच्याकडे जाईल त्याला ती लागणार. इथे मालिकेने सायलरचा गुन्हा त्याच्या हातातून काढून घेतला असं मी म्हणतो. ज्यांना हा बदल आवडला त्यांचं म्हणणं, समजून घेण्याची ओढ हेच त्या शक्तीचं मूळ, तीच ओढ वाढली की भूक होते, आणि हा मुद्दा मी हलका धरत नाही. पण मग दुसऱ्या सीझनचं काय करायचं? तिथे व्हायरसमुळे त्याच्या शक्त्या बंद होत्या आणि तरी त्याने माणसं मारली, त्याच्यासोबत प्रवास करणाऱ्या अलेहांद्रोला तर साध्या चाकूने, नुसता मधे येत होता म्हणून. शक्ती बंद म्हणजे भूकही बंद असायला हवी होती ना.

त्यावर आणखी एक थर चढवला. तिसऱ्याच सीझनच्या फ्लॅशबॅकमध्ये कळतं की पहिल्या खुनानंतर गेब्रियलने गळफास घेतला होता, एल नावाच्या एजंटने त्याला वाचवलं, आणि तो परत कसा मारतो हे बघायला 'कंपनी'नेच, म्हणजे शक्ती असलेल्यांवर नजर ठेवणाऱ्या एलच्या गुप्त संघटनेनेच, त्याच्यासमोर दुसरा माणूस आणून ठेवला. हा भाग सुंदर लिहिलाय, एलचा चेहरा तर विसरता येत नाही. पण दोष पुन्हा दुसरीकडे सरकला. पुढे एलचीच वीज सोडण्याची शक्ती तो न मारता मिळवतो, नुसती तिची वेदना समजून घेऊन. म्हणजे मारायची गरज नव्हतीच! आणि काही एपिसोड नाही होत तर समुद्रकिनाऱ्यावर तिलाच मारतो.

हे असं का झालं हे समजायला मे २००७ बघावं लागतं. पहिल्या सीझनच्या शेवटी हिरो नाकामुरा या पात्राची तलवार सायलरच्या आरपार जाते, कथा तिथे पूर्ण होते, आणि मग रक्ताचा माग गटाराच्या झाकणापर्यंत जाताना दिसतो. मुळात दर सीझनला नवी माणसं आणायची असा विचार होता, पण लोकांना हीच माणसं हवी होती आणि सायलर तर सगळ्यात जास्त. त्यात लेखकांचा संप आला, दुसरा सीझन ११ एपिसोडमध्ये गुंडाळावा लागला. मरायला हवा होता तो खलनायक मुख्य पात्र झाला की त्याला रोज सोबत ठेवायला काहीतरी कारण लागतं, ते कारण म्हणजे भूक, मग खरा बाप सॅमसन, मग एप्रिल २००९ ला नेथनचा गळा चिरून नेथन म्हणूनच जगणं, आणि शेवटी पीटरबरोबर स्वतःच्याच मनातल्या एका रिकाम्या शहरात वर्षानुवर्षं विटांच्या भिंतीसमोर अडकणं.

त्या भिंतीच्या एपिसोडमध्ये भूक हा विषय जवळपास नाहीच. तो पीटरसमोर तुझ्या भावाला मी मारलं म्हणतो, माफी मागतो, आणि पीटर माफ करत नाही, भिंतीवर घण घालत राहतो. फेब्रुवारी २०१० मध्ये मालिका संपली तेव्हा सायलर एमा नावाच्या मुलीला वाचवून हीरोंच्या बाजूला उभा होता. २०१५ ला नवे १३ एपिसोड आले, त्यात तो नाही, त्याचं काय झालं हेही नाही. सायलर साकारणारा झॅकरी क्विंटो तोपर्यंत मोठ्या पडद्यावरच्या स्टार ट्रेकमधला स्पॉक होऊन बसला होता.