विंडोजच्या अपडेटने बायोस ‘बदलला’, म्हणजे नेमकं काय बदललं?

असेंबल्ड पीसीवाल्यांची ही तक्रार आता ओळखीची झाली आहे: रात्री विंडोजचं अपडेट झालं आणि सकाळी बघतो तर बायोसच बदललेला. कुणाचं लिनक्स सुरू व्हायला तयार नाही, कुणाकडे निळा पडदा बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ आकडी की मागतोय, कुणाची ६००० वेगाची रॅम ४८०० वर आलीय. मशीन लॅमिंग्टन रोडवर नेलं की निदान एका वाक्यात: “बायोस उडालाय, नवीन मारून देतो.” पण असेंबल्ड मशीनवर बऱ्याचदा बायोस होता तसाच असतो. बदललेली असते ती त्याच्या शेजारची गोष्ट, आणि तिच्यावर नवीन बायोस मारून काही उपयोग होत नाही.

मदरबोर्डवर एक बारकीशी फ्लॅश चिप असते, आजकाल बहुधा १६ किंवा ३२ एमबीची. तिच्यात दोन प्रकारचा माल असतो. एक म्हणजे खुद्द फर्मवेअर, ज्याला आपण सवयीने अजून बायोस म्हणतो: बटण दाबल्यावर प्रोसेसर, रॅम, डिस्क यांना जागं करणारा प्रोग्रॅम. दुसरा माल म्हणजे त्याच चिपच्या एका छोट्या भागातल्या नोंदी, म्हणजे एनव्हीरॅम. आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं, सिक्युअर बूटने, म्हणजे मशीन सुरू होताना सही तपासणाऱ्या पहाऱ्याने, कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. या नोंदी बदलण्याची सोय युईएफआयच्या, म्हणजे आजच्या फर्मवेअरच्या मानकाच्या, नियमांनीच ऑपरेटिंग सिस्टिमला दिलेली आहे. विंडोज आपला बूट मॅनेजर यादीत पहिला आणून ठेवतं आणि ग्रब, म्हणजे लिनक्सचा सुरुवातीचा मेनू, दिसेनासा होतो, ते याच सोयीने.

फर्मवेअरला हात लावायचा रस्ता वेगळा आहे, त्याला कॅप्सूल अपडेट म्हणतात. नवीन फर्मवेअर विंडोज अपडेटमधून ड्रायव्हरसारखं उतरतं, रीस्टार्टच्या वेळी बोर्डाच्या हवाली होतं, आणि बोर्ड सही तपासून ते स्वतःच चिपवर लिहितो. सरफेस, डेल, एचपी, लेनोव्हो अशा तयार मशीनवर हे नेहमीचं आहे. सुट्या विकल्या जाणाऱ्या बोर्डांचा बायोस मात्र सहसा कंपनीच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर घेऊन आपणच टाकतो. आणि तुम्ही काही न करता तो खरोखरच बदललेला आढळला, तर विंडोजच्या आधी बोर्ड कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे बघा. एमएसआय सेंटर, आर्मरी क्रेट यांसारखी सॉफ्टवेअर्स बायोसचं अपडेटही देऊ करतात, आणि घाईत ‘ओके’ दाबणारे आपणच असतो.

दोन्हींतला फरक ओळखणं सोपं आहे. विंडोजमध्ये ‘एमएसइन्फो३२’ चालवा आणि ‘बायोस व्हर्जन/डेट’ या ओळीचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. अपडेटनंतर ती ओळ तीच असेल, तर फर्मवेअर बदललेलं नाही. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये टीपीएम-डब्ल्यूएमआय या नावाखाली १०३४ क्रमांकाची नोंद शोधा. ती सापडली, तर विंडोजने सिक्युअर बूटची बंदी यादी, म्हणजे डीबीएक्स, वाढवलेली आहे.

हे डीबीएक्स म्हणजे सोसायटीच्या वॉचमनकडची ‘यांना आत सोडू नये’ अशी यादी. २०२० साली ग्रबमध्ये बूटहोल नावाचं भगदाड सापडलं, २०२३ मध्ये ब्लॅकलोटस हे सिक्युअर बूटला चकवणारं मालवेअर समोर आलं. अशा प्रत्येक प्रकरणानंतर जुन्या, सही असलेल्या पण आता धोकादायक ठरलेल्या बूटलोडरना, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमना, बाहेर ठेवावं लागतं. यादीत भर घालायला मायक्रोसॉफ्टची सही चालते, कारण बोर्ड कंपन्या मायक्रोसॉफ्टची की कारखान्यातच बोर्डात घालून देतात. म्हणजे परवानगी आधीच दिलेली असते. तुम्हाला कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

ऑगस्ट २०२४ मध्ये हेच अंगाशी आलं. १३ तारखेच्या अपडेटने एसबॅट नावाची, बूटलोडरच्या पिढीवरून बंदी घालणारी नोंद पुढे सरकवली. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स असेल तर ती लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं. पण ड्युअल बूटच्या सगळ्या पद्धती त्यांच्या तपासणीला ओळखता आल्या नाहीत. लिनक्स निवडलं की काळ्या पडद्यावर ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ एवढं दिसायचं आणि मशीन बंद. बायोस पुन्हा मारणाऱ्यांच्या हाती फार काही लागण्यासारखं नव्हतं, कारण बिघाड प्रोग्रॅममध्ये नव्हता, नोंदीत होता. इलाज असा: सिक्युअर बूट बंद करा, लिनक्स सुरू करा, मोकयुटिल या लिनक्सच्या कमांडने एसबॅटचं धोरण ‘डिलीट’वर टाका, एकदा रीस्टार्ट करून सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. पाच मिनिटांचं काम. मायक्रोसॉफ्टकडून दुरुस्ती आली मे २०२५ च्या अपडेटमध्ये.

बायोस खरंच बदलला की लक्षणं निराळी दिसतात. रॅमचं जादा वेगाचं सेटिंग (एक्सएमपी किंवा एक्स्पो) बंद पडतं, पंख्यांची सेटिंग्ज जातात. एएमडीच्या बोर्डांवर कधी ‘नवीन सीपीयू बसवला आहे, एफटीपीएम रीसेट करायचं का’ असा प्रश्न येतो, सीपीयू तोच असला तरी. इथे सवयीने ‘वाय’ दाबलं की एफटीपीएममधल्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या तिजोरीतल्या, किल्ल्या गेल्या, आणि बिटलॉकरची की हाताशी नसेल तर डेटाही गेला. (‘एन’ दाबून आधी की शोधावी.) नुसती रॅम ४८०० वर आली असेल तर अपडेटवर लगेच आळ घेऊ नका. रॅम नीट न जुळल्याने बोर्ड स्वतःच मूळ सेटिंगवर येतो, किंवा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. सेल गेला असेल तर घड्याळही भलतीच तारीख दाखवतं. घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेलही ठीक आणि बायोसही: लिनक्सने बोर्डावर जागतिक वेळ लिहिली आणि विंडोज तिला भारतीय वेळ समजलं.

‘नवीन मारून देतो’ म्हणणारा दर वेळी चुकतो असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये विंडोजच्या एका प्रीव्ह्यू अपडेटनंतर एमएसआयच्या काही बोर्डांवर ‘अनसपोर्टेड प्रोसेसर’ असा निळा पडदा येऊ लागला. सगळे विंडोजवर चिडले. पण दोष बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये निघाला आणि एमएसआयच्या नवीन बायोसनेच तो गेला.

रोखण्याच्या बाबतीतही फर्मवेअर आणि नोंदी या दोन्हींचं एक औषध नाही. विंडोजच्या ग्रुप पॉलिसी या सेटिंग्जमध्ये ‘अपडेटबरोबर ड्रायव्हर नकोत’ असं ठरवलं की कॅप्सूल थांबतं, कारण ते ड्रायव्हर म्हणूनच येतं. डीबीएक्स किंवा एसबॅट त्याने थांबत नाही, ते महिन्याच्या नेहमीच्या सुरक्षा अपडेटच्या पोटात असतं. माझं विचाराल तर बंदी यादी अडवूही नये. बायोस मात्र आपल्या हाताने, यूपीएस लावून, गरज असेल तेव्हाच टाकावा. मध्येच लाइट गेली आणि बोर्डाला फ्लॅशबॅकचं (पेन ड्राइव्हवरून बायोस परत लिहिणारं) बटण नसेल, तर दुकानात प्रोग्रॅमर लावून चिप पुन्हा लिहिण्याची पाळी येते.

आता या दोन गोष्टी जिथे एकमेकींत अडकतात ती जागा. सिक्युअर बूट ज्या २०११ च्या प्रमाणपत्रांवर उभं आहे, त्यांची मुदत जून २०२६ पासून संपायला लागते. मुदत संपल्याने मशीन बंद पडत नाही, पण बूटच्या सुरक्षेची पुढची अपडेट्स मिळत नाहीत. म्हणून विंडोज २०२३ ची नवी प्रमाणपत्रं एनव्हीरॅममध्ये लिहितं आणि मग बूट मॅनेजरही नव्या सहीचा बसवतं. त्यानंतर कुणी बायोसमध्ये जाऊन ‘रिस्टोअर फॅक्टरी कीज’ दाबलं आणि बायोस जुना असला, तर नोंदी २०११ वर परत जातात आणि नव्या सहीचं विंडोज बोर्डाला परकं वाटतं. तेव्हा सिक्युअर बूट बंद करूनच आत शिरावं लागतं, आणि बिटलॉकर चालू असेल तर ते की मागणारच. ज्यांचा बोर्ड जुना आहे त्यांनी २०२३ ची प्रमाणपत्रं असलेला बायोस कंपनीने दिलाय का ते बघावं. असेल तर बिटलॉकर तात्पुरतं थांबवून तो आधी टाकावा, आणि तोवर फॅक्टरी कीजच्या वाटेला जाऊ नये.