धातूचे शिपाई कापताय? आधी हे वाचा
(आमच्या रत्नागिरीच्या दुकानातल्या ग्राहकांसाठी)

काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला: "ते विजेवर फिरणारं छोटं ग्राइंडर आहे का?" आहे. पण धातूच्या मिनिएचरचे, म्हणजे छोट्या शिपाई-मूर्तींचे, हात-पाय कापून बदलायला ते घेऊ नका, निदान सुरुवातीला तरी नको. या मूर्ती कथलाच्या मिश्रधातूच्या असतात. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं आणि शिसं मिसळलेलं असेल तर १८३ अंशांपासूनच पाघळू लागतं. चकती जोरात फिरली की धातू कापला न जाता तिलाच लिंपून बसतो आणि शिपायाचा खांदा मेणबत्तीसारखा दिसतो.

पैसे घालायचेच तर सोनारी करवतीत घाला. २८ मिलिमीटर उंचीच्या शिपायाचं मनगट जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड असतं. हॅक्सॉ ब्लेडने कापलंत तर त्यातला बराचसा भाग भुसा होऊन जातो. सोनारी पातं अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, त्यामुळे कापलेला हात दुसऱ्या शिपायाला लावता येतो. चौकट एकदाच घ्यायची, पाती डझनाने मिळतात. डझनानेच घ्या, पहिल्या दिवशी तीन-चार मोडणारच.

पातं लावताना दात बाहेरच्या बाजूला आणि मुठीकडे वळलेले हवेत. म्हणजे करवत खाली ओढताना कापते, वर जाताना नुसती सरकते. चौकट टेबलाच्या कडेला छातीने किंचित दाबून स्क्रू आवळा. नखाने छेडल्यावर पातं तारेसारखं वाजलं पाहिजे, भदभद आवाज आला तर सैल आहे. पात्याला मेण चोळा, हात हलका ठेवा.

निपर, म्हणजे बारीक कटर, पायाखालची पट्टी किंवा भाल्याचं टोक तोडायला ठीक. मनगटावर लावलात तर दोन्हीकडून चेपतो. आणि कृपा करून त्याच कटरने स्टीलची तार तोडू नका. धारेला खाच पडलेला कटर "बदलून द्या" म्हणून परत येतो, तो आम्ही बदलून देत नाही.

आता जोडणी. नुसत्या फेविक्विकवर धातूचा हात टिकत नाही, आत तारेची खिळी हवी. मनगटाला ०.६ मिलिमीटरचं ड्रिल आणि ०.५ ची पितळी तार, कमरेला किंवा पायाला १ मिलिमीटरचं ड्रिल. हे ड्रिल हातानेच फिरवायचं, त्यासाठी पिन वाइस, म्हणजे ड्रिल पकडणारी छोटी मूठ, मिळतो. आधी टाचणीने खळगा करा, नाहीतर टोक घसरतं. समोरचं भोक नेमकं कुठे यायला हवं? तारेच्या टोकाला ओल्या रंगाचा ठिपका लावा आणि दुसरा तुकडा टेकवा, खूण आपोआप उमटते. बंदूकवाल्या परदेशी शिपायाचा मावळा करायचा तर टोपी घासून काढा, वर एम-सीलची पगडी वळा. एम-सील कडक होण्याआधी ओल्या टाचणीने पगडीचे पेच पाडून घ्या.

कानस बारीक नीडल सेटमधली चालेल. मऊ धातू दातांत अडकतो, म्हणून आधी खडू फासा. जुन्या ओतीव मूर्तींत शिसं असू शकतं. चुरा फुंकू नका, ओल्या कागदावर गोळा करा, हात साबणाने धुवा. स्वयंपाकाच्या ओट्यावर तर हे काम नकोच.

आपल्याकडची खारी हवा मात्र सगळ्यांची वैरीण. पाती आणि ड्रिल शिलाई मशीनच्या तेलाचं बोट लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. खोबरेल नको, ते चिकट होतं. फेविक्विक हवेतल्या दमटपणाने घट्ट होतो, त्यामुळे पावसाळ्यात उघडी राहिलेली ट्यूब फुकट गेलीच म्हणून समजा. लहान ट्यूबच घ्या.

कोणतं ड्रिल लागेल हे ठरत नसेल तर मूर्ती खिशात घालून या. फोनवर मनगटाची जाडी आम्हाला कळत नाही.