उलटी झाली नाही, तरी गोळी घ्यायची

आत्याच्या घरातल्या फडताळात, देवाच्या तेलाच्या बाटलीमागे, मला गोळ्यांची एक पट्टी सापडली. दहा गोळ्यांची. एकही फोडलेली नव्हती. कॅन्सरवरच्या पहिल्या केमोला तेव्हा तीन दिवस झाले होते. आत्या पडवीत भिंतीला डोकं टेकून बसली होती, शेजारी राख टाकलेलं घमेलं. सकाळपासून तिच्या पोटात घोटभर पाणीसुद्धा टिकलेलं नव्हतं.

"गोळ्या का नाही घेतल्यास?"

"घरी आलो त्या दिवशी उलटी झालीच न्हाई की. म्हटलं, मला काय त्रास व्हायचा न्हाई. मग उगंच कशाला गिळायच्या?"

तासगाव तालुक्यातल्या खेड्यात आयुष्यभर द्राक्षबागेत राबलेली ही बाई. तिच्या हिशोबात काही चूक नव्हती. दुखेल तेव्हा औषध, हे आपण सगळेच करतो. चूक होती ती तिला कुणी समजावून सांगितलं नाही ही. हॉस्पिटलातून मिळालेल्या कागदावर गोळीचं नाव होतं, दिवसातून दोनदा, तीन दिवस, असं इंग्रजीत खरडलेलं होतं. 'उलटी होवो न होवो, घ्यायचीच' हे चार शब्द मात्र कुणी बोललं नव्हतं. त्या चार शब्दांअभावी तिचे दोन दिवस असे गेले, याचा मला आजही राग येतो.

मळमळलं की आपण म्हणतो, पोट बिघडलं. केमोथेरपीत पोट बिघडलेलं नसतं. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही तशाच भराभर बदलणाऱ्या. त्या अस्तरात काही खास पेशी असतात, सेरोटोनिन नावाचं रसायन साठवून ठेवणाऱ्या. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नाही, आतड्यात असतं. केमोचं औषध पोचलं की या पेशी ते भसाभस सोडतात. जवळच व्हेगस या लांबलचक मज्जातंतूची टोकं असतात. सेरोटोनिन तिथल्या ग्राहींना, म्हणजे रसायन पकडणाऱ्या जागांना, चिकटलं, की निरोप थेट मेंदूच्या देठाशी जातो आणि तिथून उलटीचा हुकूम सुटतो.

दुसरी वाट रक्तातून आहे. मेंदूभोवती एक अडसर असतो, रक्तातलं भलतंसलतं आत शिरू न देणारा. मेंदूच्या देठावरच्या 'एरिया पोस्ट्रेमा' नावाच्या चिमुकल्या भागापुरता हा अडसर ढिला असतो, कारण त्याचं कामच रक्ताची चव घेत राहण्याचं आहे. विषारी काही पोटात गेलं तर ते बाहेर फेकायचं, ही फार जुनी राखण आहे. शरीराच्या लेखी केमोचं औषध म्हणजे विषच. ते शिरेतून आलंय, ओकून बाहेर पडणार नाही, हे त्या पहारेकऱ्याला कळत नाही.

आता आत्याला ज्याने फसवलं तो भाग. हा त्रास दोन लाटांनी येतो. पहिली लाट पहिल्या २४ तासांतली, मुख्यतः सेरोटोनिनची. दुसरी त्यानंतरची, पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळणारी. तिच्यामागे मेंदूतलं 'सबस्टन्स पी' नावाचं वेगळं रसायन आणि त्याचे वेगळे ग्राही असतात. सिस्प्लॅटिन या औषधात तर दुसरी लाट दोन-तीन दिवसांनी सर्वांत जोरात असते. आत्याला पहिल्या दिवशी काही झालं नाही, कारण केमोच्या आधी सलाईनमधून दिलेली औषधं पहिली लाट अडवून उभी होती. सांगलीकरांना हे नव्याने सांगायला नको. इथे पाऊस उघडलेला असतो, ऊन पडलेलं असतं, तरी आपण आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी विचारत असतो. कारण वर कोयना धरणातून सोडलेलं पाणी अजून वाटेत असतं.

या गोळ्या त्या वाटेतल्या पाण्यासाठी असतात. रसायन येण्याआधी ग्राहीची जागा धरून बसायची, एवढंच त्यांचं काम. एकदा उलट्यांचं चक्र सुरू झालं की तीच गोळी पोटात टिकत नाही, आणि टिकली तरी आवरायला फार कमी पडते. आत्याला मी ग्राही वगैरे सांगितलं नाही. म्हटलं, "डावणी पानावर दिसल्यावर फवारतेस का?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि पट्टी मागून घेतली. डावणी या द्राक्षावरच्या बुरशीचा फवारा आधी पडला पाहिजे हे बागाईतदाराला शिकवावं लागत नाही.

ही औषधं आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला पाहा. सिस्प्लॅटिनला अमेरिकेत १९७८ साली मान्यता मिळाली, पण त्या काळी रुग्ण दिवसभर ओकत. १९८३ साली ऑस्ट्रेलियात केमो घेणाऱ्यांना सर्वांत जास्त काय छळतं असं विचारलं, तेव्हा यादीत पहिली आली उलटी आणि दुसरी मळमळ. केस गळणंसुद्धा त्यांच्या खाली. सेरोटोनिनचे ग्राही अडवणारं ऑन्डान्सेट्रॉन अमेरिकेत १९९१ साली आलं आणि पहिल्या लाटेचं चित्र पालटलं. दुसऱ्या लाटेवरचं ॲप्रेपिटंट २००३ साली आलं. आपल्याकडे ते बहुधा तीन कॅप्सूलच्या पाकिटात मिळतं; पहिली केमोच्या दिवशी आधी, उरलेल्या दोन पुढचे दोन दिवस. सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असतं. ते फार कामाचं, पण साखर वाढवतं आणि झोप उडवतं, म्हणून मधुमेह असेल तर ते आधीच सांगा, आणि गोळी सकाळी घेतली तर चालेल का ते विचारा. ऑन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतं. पोट साफ नसलं की मळमळ पुन्हा वाढते आणि दोष केमोला जातो.

चौथं औषध ओलान्झापिन. याच्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण घरोघरी हीच गोळी बंद होते. कुणीतरी मोबाईलवर नाव टाकून बघतं आणि म्हणतं, "अगं, ही तर वेडाची गोळी!" मानसिक आजारांत ती वापरतात हे खरंच आहे. पण ती मेंदूतले एक नव्हे, अनेक प्रकारचे ग्राही एकदम अडवते आणि मळमळीवर तिच्याइतकं चांगलं काम फार थोड्या औषधांना जमतं. २०१६ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत ३८० रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या तीन औषधांसोबत ही गोळी दिली, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. पहिल्या दिवशी अजिबात मळमळ नसणारे ओलान्झापिनच्या गटात ७४ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ४५ टक्के. तिने गुंगी येते, म्हणून रात्री घ्यायची. मुंबईच्या टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी २०२४ साली दाखवून दिलं की १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम दिली तरी उलट्या तितक्याच आवरतात आणि गुंगी बरीच कमी येते. झोपेने माणूस दिवसभर उठत नसेल तर गोळी बंद करू नका. डोस कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

त्याच अमेरिकी चाचणीतला दुसरा आकडाही सांगायला हवा. पाचही दिवस मिळून अजिबात मळमळ न झालेले ओलान्झापिन घेऊनही ३७ टक्केच होते. उलटी आवरणं विज्ञानाला बरंच जमलंय, मळमळ अजून पुरती जमलेली नाही. त्यात आपली तऱ्हा अशी, की डॉक्टर विचारतात "उलटी झाली का?" आणि आपण "नाही" म्हणून मोकळे होतो. दिवसभर उमासे येत होते, पोटात ढवळत होतं, अन्नावरची वासनाच उडाली होती, हे सांगायचं राहून जातं. ते सांगितलं तर पुढच्या वेळी औषध बदलता येतं, वाढवता येतं.

आणि उलट्या जास्त झाल्या म्हणजे औषध चांगलं लागू पडतंय, ही समजूत मी बायकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे! त्यात काही तथ्य नाही. गाठीवर होणारा परिणाम आणि मळमळ यांचा असा संबंध नसतो. सोसण्याने कॅन्सर लवकर बरा होत नाही. उलट जेवण तुटतं, अंगातलं पाणी जातं, सिस्प्लॅटिन चालू असेल तर मूत्रपिंडांवर ताण येतो आणि पुढची केमो लांबते.

त्रास कुणाला होणार हे बरंचसं औषधावर ठरतं. सिस्प्लॅटिनमध्ये, किंवा स्तनाच्या कॅन्सरमधल्या डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइडच्या जोडीत, प्रतिबंध केला नाही तर दहातल्या नऊंहून अधिक जणांना उलट्या होतात. व्हिन्क्रिस्टिनमध्ये दहात एकाहूनही कमी जणांना. त्यामुळे शेजारणीला झालं तेच आपल्याला होईल असं समजू नये. बाकीचं माणसावर. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, तरुणांना म्हाताऱ्यांपेक्षा जास्त. गाडी लागणाऱ्यांना जास्त. दिवस गेले असताना ज्यांना खूप उलट्या झाल्या त्यांनाही जास्त. हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगायचं. आत्याला जन्मात कधी एसटी सोसलेली नाही, खिडकीजवळची जागा मिळाली तरच ती बसते. पण फाईलमध्ये याची नोंद नव्हती.

पहिल्या केमोच्या संध्याकाळी आमच्याकडे आणखी एक गोष्ट घडली. आटपाडीहून भाचा चांगली टपोरी डाळिंबं घेऊन आला होता. आत्याला डाळिंब जिवापाड आवडतं. रक्त वाढेल म्हणून सगळ्यांनी आग्रह केला, तिने पेलाभर रस घेतला. त्यानंतरचे दोन दिवस कसे गेले ते वर सांगितलंच. पुढे डाळिंबाचं नाव काढलं तरी तिला भडभडून यायचं. डॉक्सोरुबिसिनही लालभडक असतं, वॉर्डात सगळे त्याला 'लाल औषध'च म्हणतात. ती सिरिंज आणि तो पेला तिच्या मनात एकच होऊन बसले. (या औषधाने एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो.)

१९७८ साली इलीन बर्नस्टीन या अमेरिकी संशोधिकेने नेमकं हेच दाखवलं. तिने काही मुलांना केमोच्या आधी वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. काही आठवड्यांनी पुन्हा विचारलं तर त्यातली बरीच मुलं ते नको म्हणाली. औषधामुळे मळमळलं हे मुलांना कळत होतं, तरीही. पोटात गेलेली चव आणि नंतरची मळमळ यांची गाठ मेंदू आपल्याला न विचारता मारतो. म्हणून केमोच्या दिवशी आणि आदल्या-दुसऱ्या दिवशी माणसाला त्याच्या आवडीचा पदार्थ कौतुकाने खाऊ घालू नका. आवडीचं नंतरसाठी ठेवा. बर्नस्टीन आणि तिच्या सहकाऱ्याने पुढे एक युक्तीही शोधली: जेवण आणि केमो यांच्या मध्ये एखादी तीव्र, अनोळखी चवीची गोळी चघळायला दिली, तर नावड बरीचशी त्या गोळीवर जाते आणि जेवण वाचतं. बळीचा बकरा म्हणा ना. आत्यासाठी आम्ही नारळाच्या चवीची चॉकलेटं आणली, तिने ती आधी कधी खाल्ली नव्हती.

हीच गाठ जागेशीही बसते. तिसऱ्या केमोला जाताना मिरजेचं स्टँड दिसताच आत्याच्या तोंडात मळमळीचं पाणी सुटायला लागलं. अजून सुई लागायची होती. या आगाऊ मळमळीवर ऑन्डान्सेट्रॉन फारसं चालत नाही. आदल्या रात्री चिंता कमी करणारी गोळी देतात, संथ श्वास आणि अंग सैल सोडण्याचा सराव शिकवतात. पण पहिल्याच केमोला मळमळ होऊ दिली नाही, तर ही गाठ सहसा बसत नाही. म्हणून पहिल्या वेळची औषधं सर्वांत मोलाची.

स्वयंपाकघरातलं थोडक्यात. फोडणीचा वास सर्वांत वाईट. माणूस अंगणात असताना फोडणी उरकून घ्या. ताटभर वाढू नका, दर दोन तासांनी चार घास द्या. गरमागरम पदार्थाचा वास जास्त येतो, म्हणून पेज, नाचणीची खीर, मऊ भात कोमट करून द्या. नुसते चुरमुरे चालतात; भडंगाचा लसूण आणि तिखट थोडे दिवस बाजूला. पाणी जेवताना नको, मधे मधे घोट घोट. रस्त्यावरचा उसाचा रस आणि कापून ठेवलेली फळं नकोत, त्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. आल्यावर मोठी चाचणी झाली आहे, २०१२ साली, ५७६ रुग्णांवर. दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम आलं, म्हणजे सुंठीची चिमूट, मळमळविरोधी औषधांच्या जोडीला घेतल्यावर पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. दीड ग्रॅमने त्याहून जास्त फायदा दिसला नाही. नंतरच्या सगळ्या चाचण्यांत तसा गुण आलेला नाही, त्यामुळे गोळीऐवजी आलं हा सौदा करू नका. हळदीच्या गावात राहून सांगावंसं वाटतं, भाजीतली हळद खुशाल खा, पण अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

दिवसभरात पाणीही टिकलं नाही, लघवी फार कमी आणि गडद झाली, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर उजाडायची वाट पाहू नका. रात्र असली तरी निघा. गोळी घेतल्यावर लगेच उलटून पडली तर आपल्या मनाने दुसरी न घेता फोन करून विचारा. जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्याही मिळतात.

दुसऱ्या केमोपासून आम्ही फडताळाच्या दारावर एक कागद चिकटवला. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक गोळीसमोर चौकट, आणि वर मोठ्या अक्षरांत: उलटी होवो न होवो. आत्या पेन्सिलीने स्वतः फुल्या मारायची. चौथ्या केमोनंतर तिसऱ्या दिवशी उमासे आले, पण घमेलं लागलं नाही. डाळिंब अजून चालत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका सुनेला केमोची तारीख मिळाली. घरात सगळे गप्प बसले होते. आत्या गेली, तिच्या शेजारी खाली बसली आणि पहिला प्रश्न विचारला, "तुला गाडी लागती का गं?"