टॉम थंबची उंची कुठे अडली?

न्यूयॉर्कच्या ग्रेस चर्चमध्ये १० फेब्रुवारी १८६३ रोजी झालेल्या एका लग्नाचा फोटो पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास बालविवाह वाटतो. प्रत्यक्षात नवरदेव चार्ल्स स्ट्रॅटन पंचवीस वर्षांचा होता आणि नवरी लव्हिनिया वॉरन एकवीस वर्षांची. चार्ल्स म्हणजे गाणी, नकला आणि नेपोलियनचे सोंग यांनी युरोप-अमेरिका गाजवणारा 'जनरल टॉम थंब'. लव्हिनिया रंगमंचावर येण्याआधी शाळेत शिकवत असे. शेजारी तिची धाकटी बहीण मिनी करवली म्हणून उभी आहे आणि नवऱ्याचा पाठराखा जॉर्ज नट. कुणाचीच उंची तीन फुटांपलीकडे नाही, आणि चौघेही अमेरिकेतले करमणुकीचे खेळ भरवणारे पी. टी. बार्नम यांच्या पदरी असलेले कलाकार.

मॅथ्यू ब्रॅडीच्या स्टुडिओत काढलेले या मंडळींचे फोटो पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवून विकले जात. काचेवरचा रसायनाचा लेप ओला असतानाच सगळे उरकावे लागे. प्रकाश घ्यायला काही सेकंद लागत, म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावून माणसाला स्थिर ठेवत. त्यामुळे तपशील फार स्वच्छ उतरला आहे. खुर्ची आणि पडदा हाताने झाकून पाहा, या माणसांची उंची सांगताच येत नाही! डोके, धड, हात, पाय यांचे आपसातले प्रमाण अगदी प्रौढ माणसाचे आहे. वाढीचे संप्रेरक (हॉर्मोन) कमी असल्याच्या निदानाची खूण हीच.

आपल्याकडे सर्कशीत कमी उंचीचे जे कलाकार दिसतात, त्यांच्यातल्या अनेकांचे धड नेहमीएवढे पण दंड आणि मांड्या आखूड असतात. तो अकॉन्ड्रोप्लेझिया. दोन्हींतला फरक समजून घ्यायला हाडाच्या टोकाशी जावे लागते.

मूल वाढते ते हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पातळ पट्टीत, 'ग्रोथ प्लेट'मध्ये. तिथल्या पेशी सपाट होऊन विभागत जातात आणि नाण्यांच्या चळतीसारख्या उभ्या रांगेत रचल्या जातात. चळतीच्या एका टोकाला नवी नाणी येत राहतात. दुसऱ्या टोकाच्या पेशी पाणी ओढून कित्येक पटींनी फुगतात, आणि खरी लांबी मुख्यतः या फुगण्यातून मिळते. मग त्यांच्याभोवती क्षार साचतात, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि कूर्चेच्या जागी हाड बसते. अकॉन्ड्रोप्लेझियात या पेशींवरचा एफजीएफआर-३ नावाचा ग्राही, म्हणजे बाहेरचा निरोप पकडणारे प्रथिन, बिघडलेला असतो. त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीतले ३८० व्या जागेचे ग्लायसिन जाऊन तिथे आर्जिनिन आलेले असते. पेशींची वाढ आवरणे हे या ग्राहीचे काम, आणि बदलामुळे तो अखंड चालूच राहतो. जिथे वाढ सर्वांत वेगाने व्हायची तिथे, म्हणजे दंडात आणि मांडीत, फटका जास्त बसतो.

स्ट्रॅटनच्या ग्रोथ प्लेट मात्र धडधाकट असाव्यात. त्यांना निरोपच पुरेसा मिळत नव्हता. मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून, विशेषतः गाढ झोपेत, वाढीचे संप्रेरक झटक्याझटक्याने स्रवते. त्याच्या सांगण्यावरून यकृत आणि खुद्द कूर्चा आयजीएफ-१ हे वाढ घडवणारे प्रथिन बनवतात आणि चळतीत नव्या पेशी पडतात. संप्रेरक कमी असेल तर सगळ्याच हाडांची वाढ मंदावते, म्हणून प्रमाण बिघडत नाही.

चार्ल्सची मोजमापे याच्याशी चोख जुळतात. जन्मतः तो चांगला सव्वाचार किलोचा होता, कारण गर्भाची वाढ बाळाच्या स्वतःच्या वाढीच्या संप्रेरकावर फारशी अवलंबून नसते. ती इन्सुलिन, आयजीएफ आणि वारेतून येणाऱ्या पोषणावर चालते. साधारण सहाव्या महिन्यात तो ६४ सेंटीमीटरवर थबकला आणि पाचव्या वर्षाच्या उंबरठ्यावरही तेवढाच होता. बार्नमने मात्र तो अकरा वर्षांचा असल्याचे जाहिरातीत ठोकून दिले. पुढे तो फार हळू वाढत राहिला. अठराव्या वर्षी ८३ सेंटीमीटरच्या आसपास आणि १८८३ मध्ये वारला तेव्हा १०२. इतरांच्या पट्ट्या पौगंडावस्थेच्या अखेरीस इस्ट्रोजेनमुळे (हो, मुलग्यांतसुद्धा) मिटतात. त्याच्या बऱ्याच उशिरापर्यंत उघड्या राहिल्या असणार.

कारण बहुधा आनुवंशिक. चार्ल्सचे आईवडील सख्ख्या भावंडांची मुले. वॉरन कुटुंबात दोघी बहिणी कमी उंचीच्या, नट कुटुंबात दोघे भाऊ, आणि आईवडील सर्वसाधारण उंचीचे. दोघांकडून एकेक सदोष जनुक आले की असे घडते. मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या आपल्या समाजाने हे ध्यानात घ्यावे. चार्ल्सच्या बाबतीत मात्र, गरोदरपणी आईने बुडून मेलेल्या कुत्र्याच्या पिल्लासाठी शोक केला म्हणून असे झाले, असे सांगितले जाई. आपल्याकडे आजही मुलात व्यंग दिसले की ग्रहणात विळी धरल्याचा ठपका बाईवर येतो. आईला दोष देणाऱ्या या समजुती निव्वळ खोट्या आहेत आणि क्रूरही.

लग्नानंतर चार्ल्स-लव्हिनियाचे बाळासह फोटो धडाक्याने विकले गेले. ते बाळ उसने होते. त्यांना मूल झालेच नाही, हे लव्हिनियाने पुढे स्वतः सांगितले. मिनी मात्र खरोखर गरोदर राहिली आणि १८७८ मध्ये बाळंतपणात गेली, बाळही गेले. गर्भ आपल्या हिशेबाने वाढतो, आईचे कटिर (कमरेच्या हाडांचे कडे) मात्र लहानच राहते.

१९५८ मध्ये अमेरिकी डॉक्टर मॉरिस रेबेन यांनी मृतांच्या पियुषिकेतून काढलेले संप्रेरक देऊन एका रुग्णाची उंची वाढल्याचे दाखवले. त्या औषधातून मेंदूचा प्राणघातक रोग पसरल्याचे १९८५ मध्ये उघड झाले आणि ते थांबले. त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेले संप्रेरक अमेरिकेत मंजूर झाले. आज भारतातही ते इंजेक्शन मिळते.

उंची वाढवणाऱ्या पावडरींवर पैसे घालवू नका. चार वर्षांवरचे मूल वर्षाला पाच सेंटीमीटरही वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय कळते. पट्ट्या मिटल्या असतील तर इंजेक्शननेही उंची वाढत नाही, म्हणून दहावीची परीक्षा होऊ दे, मग बघू, असे म्हणत थांबू नका.